लेडी व्हॉल्स : टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचा इतिहास
(प्रस्तावना)

अमेरिकेच्या आग्नेय भागातील टेनेसी राज्यात, नॉक्सव्हिल शहरात टेनेसी विद्यापीठ आहे. या विद्यापीठाचा महिला बास्केटबॉल संघ ‘लेडी व्हॉलंटिअर्स’, थोडक्यात ‘लेडी व्हॉल्स’, या नावाने ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकातील युद्धांत टेनेसीतून आपण होऊन सैन्यात दाखल झालेल्यांची संख्या मोठी होती. त्यावरून राज्याला ‘स्वयंसेवकांचे राज्य’ असे टोपणनाव पडले आणि तेच पुढे विद्यापीठाच्या संघांना चिकटले. १९८७ ते २००८ या काळात या संघाने आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. प्रशिक्षक पॅट समिट यांच्या ३८ हंगामांत संघाने १,०९८ सामने जिंकले आणि २०८ गमावले.

हा इतिहास बहुतेक वेळा समिट यांचे चरित्र म्हणूनच सांगितला जातो. त्यांचे कर्तृत्व एवढे मोठे आहे, की दुसरे काही डोळ्यांत भरत नाही. पण त्या येण्याच्या ७१ वर्षे आधीच या विद्यापीठात मुली बास्केटबॉल खेळू लागल्या होत्या, आणि मधली ३४ वर्षे त्यांचा संघच बंद ठेवला गेला होता. १९७२चा एक कायदा, शालेय खेळाच्या नियमांत झालेला बदल आणि महिलांच्या हाती आलेले स्वतंत्र अंदाजपत्रक या तीन गोष्टी नसत्या, तर समिट यांच्या कर्तृत्वाला वावच मिळाला नसता. म्हणून या संघाची हकिगत आधी या तीन गोष्टींची आणि मग विजेतेपदांची आहे.

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे झाला. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ शोधून काढला. काही महिन्यांतच जवळच्या स्मिथ कॉलेजातील शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकवायला घेतला. मुलींनी धसमुसळेपणा करू नये, दमू नये, म्हणून त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले. प्रत्येक खेळाडूने आपल्याच भागात राहायचे आणि समोरच्या मुलीच्या हातून चेंडू हिसकावून घ्यायचा नाही, असे नियम केले. ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला. महिलांचा हा पहिला आंतरविद्यापीठ सामना. स्टॅनफर्डने तो २-१ असा जिंकला, आणि प्रेक्षकांत पुरुषांना प्रवेश नव्हता.

टेनेसी विद्यापीठात महिला संघ १९०३ मध्ये उभा राहिला. आसपासच्या महाविद्यालयांशी सामने होत राहिले. १९२६ मध्ये मात्र संघ बंद करण्यात आला, आणि त्यामागे पैशाची अडचण किंवा खेळाडूंची वाण नव्हती. त्या दशकात अमेरिकेतील शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात, विशेषतः त्यातील स्त्रियांमध्येच, एक मत बळावले होते : चुरशीचे सामने मुलींच्या प्रकृतीला आणि स्वभावाला हानिकारक आहेत, प्रवास आणि प्रेक्षकांसमोर खेळणे त्यांना शोभत नाही, आणि पुरुषांच्या खेळात शिरलेला पैशाचा बाजार मुलींपर्यंत पोहोचू देता कामा नये. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या एका राष्ट्रीय महिला क्रीडा मंडळाने याच मताचा जोरदार प्रचार केला. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी झालेल्या लू हेन्री हूवर त्याच्या प्रमुख होत्या. यातली शेवटची चिंता अगदीच निराधार नव्हती. पण तिच्यावर काढलेला उपाय असा होता, की मुलींच्या दोन पिढ्यांनी फक्त आपल्याच विद्यापीठातल्या मैत्रिणींशी, करमणुकीपुरते खेळायचे.

१९६० मध्ये संघ पुन्हा सुरू झाला. त्याचे नाव होते ‘व्हॉलेट्स’. शारीरिक शिक्षण विभागाच्या शिक्षिका आपले वर्ग सांभाळून प्रशिक्षण देत. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाशी या संघाचा फारसा संबंध नव्हता. १९७० ते १९७४ या चार वर्षांत मार्गारेट हटसन यांच्या हाताखाली संघाने ६० सामने जिंकले आणि १८ गमावले. पाया घालणाऱ्यांत हटसन यांचे नाव अभावानेच घेतले जाते. त्या कामगिरीकडे पाहिले, तर हा अन्याय आहे असेच म्हणावे लागते.

मैदानावरच्या नियमांचा प्रश्न याच सुमारास ऐरणीवर आला. महाविद्यालयीन मुलींनी १९७१ पासून पुरुषांप्रमाणे प्रत्येकी पाच खेळाडूंनिशी, संपूर्ण मैदानावर खेळायला सुरुवात केली. टेनेसीच्या शाळांत मात्र जुना सहा जणींचा खेळ चालूच होता. त्याची रचना अशी : मैदानाच्या मधोमध रेषा, तिच्या एका बाजूला तीन चढाईच्या मुली, दुसऱ्या बाजूला तीन बचावाच्या. कोणीही रेषा ओलांडायची नाही. बचावाच्या मुलीने चेंडू मिळवला की तो रेषेपर्यंत नेऊन पलीकडच्या मैत्रिणीकडे द्यायचा आणि मग जागेवर उभे राहून पाहायचे. शाळेची चारही वर्षे बचावात खेळलेल्या मुलीने सामन्यात एकदाही बास्केटकडे चेंडू टाकलेला नसे. महाविद्यालयांत शिष्यवृत्त्या सुरू झाल्यावर या नियमाची खरी किंमत कळली, कारण ज्या मुलीला बास्केट करता येत नाही तिला शिष्यवृत्ती कोण देणार? व्हिक्टोरिया केप या शाळकरी खेळाडूने याच मुद्द्यावर न्यायालयात धाव घेतली. १९७६ मध्ये खालच्या न्यायालयाचा निकाल तिच्या बाजूने लागला, पण पुढच्याच वर्षी अपिलात तो फिरवला गेला. तरीही वाद थांबला नाही. समिट यांनी या नियमाला उघड विरोध केला, आणि १९७९च्या हंगामापासून टेनेसीच्या शाळांतल्या मुलीही पाच जणींचा खेळ खेळू लागल्या. आयोवात सहा जणींचा खेळ १९९३ पर्यंत आणि ओक्लाहोमात १९९५ पर्यंत टिकला, हे लक्षात घेतले तर टेनेसीतला बदल किती लवकर झाला ते कळते.

त्याआधी, २३ जून १९७२ रोजी, राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी शिक्षणविषयक सुधारणांच्या कायद्यावर सही केली होती. त्याचे नववे कलम ‘टायटल नाइन’ म्हणून प्रसिद्ध आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढेच ते सांगते. त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. पण खेळ हा शिक्षणाचा भाग आहे असे विद्यापीठे स्वतःच सांगत आली होती, त्यामुळे कलम खेळांनाही लागू झाले. १९७१-७२ मध्ये साऱ्या अमेरिकेतील माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या. अंमलबजावणीचे नियम १९७५ मध्ये आले आणि विद्यापीठांना १९७८ पर्यंत मुदत मिळाली. तेव्हा पुरुषांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना असलेल्या एनसीएएने या कलमातून आपली सुटका व्हावी म्हणून बरीच खटपट केली. ती फळाला आली नाही.

१९७४ मध्ये हटसन पुढील शिक्षणासाठी रजेवर गेल्या, आणि त्यांची जागा २२ वर्षांच्या पॅट हेड यांच्याकडे आली. समिट हे त्यांचे लग्नानंतरचे आडनाव. खरे तर त्या साहाय्यक म्हणून येणार होत्या. त्यांचा जन्म १४ जून १९५२ रोजी टेनेसीतील क्लार्क्सव्हिल येथे झाला होता. घर शेतकऱ्याचे. जवळच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून मुलीला खेळता यावे यासाठी वडिलांनी कुटुंबाचे बिऱ्हाडच दुसऱ्या काउंटीत हलवले. पदवीच्या शेवटच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली होती. नॉक्सव्हिलला त्या एकाच वेळी चार कामे करत होत्या : पदव्युत्तर अभ्यास, शारीरिक शिक्षणाचे वर्ग, संघाचे प्रशिक्षण आणि ऑलिंपिकसाठी स्वतःचा सराव. महिला बास्केटबॉलचा ऑलिंपिकमध्ये १९७६ साली माँट्रियल येथे प्रथमच समावेश झाला, आणि रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघाच्या त्या सहकर्णधार होत्या.

पहिल्या वर्षी त्यांना महिन्याला २५० डॉलर मिळत. खेळाडूंचे गणवेश आदल्या वर्षीच्या मुलींनी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते. सामन्यानंतर ते प्रशिक्षक स्वतः धूत. बाहेरगावच्या सामन्यांना जाताना गाडीही त्याच चालवत, आणि एकदा तर रात्री प्रतिस्पर्ध्यांच्या व्यायामशाळेत जमिनीवर पथाऱ्या टाकून साऱ्या झोपल्या. ७ डिसेंबर १९७४ रोजी झालेला पहिला सामना पाहायला ५३ माणसे होती. मर्सर विद्यापीठाविरुद्धचा तो सामना टेनेसीने ८४-८३ असा एका गुणाने गमावला. पहिला विजय जानेवारीत मिळाला, आणि हंगामाअखेर १६ विजय व ८ पराभव अशी नोंद झाली. प्रशिक्षक आणि मोठ्या खेळाडू यांच्या वयात जेमतेम वर्षाचे अंतर होते. पुढे ज्या करड्या शिस्तीसाठी समिट ओळखल्या गेल्या, तिचे एक कारण बहुधा यातच आहे. बरोबरीच्या वयाच्या मुलींकडून मान मिळवायचा, तर ढिलाई परवडणारी नव्हती.

१९७६ मध्ये विद्यापीठाने महिलांच्या खेळांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, आणि ग्लोरिया रे त्याच्या पहिल्या संचालक झाल्या. ‘लेडी व्हॉलंटिअर्स’ हे नाव त्याच वर्षी आले. विद्यापीठाचा रंग नारिंगी. महिलांनी त्याला आपला म्हणून फिकट निळ्याची जोड दिली. वरवर पाहता ही प्रशासकीय बाब वाटते, पण या इतिहासातील ती सर्वांत महत्त्वाची घटना मानायला हरकत नाही. बहुतेक विद्यापीठांत महिलांचे खेळ पुरुषांच्या क्रीडा विभागाला जोडले गेले. तिथे फुटबॉलला पुरून उरले तर मुलींच्या वाट्याला पैसे येत. टेनेसीत अंदाजपत्रक, प्रसिद्धी, निधी गोळा करणे, प्रशिक्षक नेमणे हे सारे महिलांच्या विभागाच्या हाती आले. १९८३ पासून जोन क्रोनन यांनी हा विभाग जवळपास तीन दशके चालवला. समिट यांना हवा असलेला प्रवासखर्च, हवे ते साहाय्यक आणि हवे तसे कठीण सामने मिळत गेले, ते अशा व्यवस्थेमुळे.

राष्ट्रीय पातळीवर तोवर महिलांच्या खेळांची स्वतःची संघटना होती. एआयएडब्ल्यू या नावाची ही संघटना १९७१ मध्ये स्त्रियांनीच उभारली होती. शिष्यवृत्त्यांमुळे खेळाचा धंदा होतो म्हणून तिने सुरुवातीला त्यांना मनाई केली होती; १९७३ मध्ये एका दाव्यानंतर हा नियम सोडावा लागला. १९८१-८२ मध्ये एनसीएएने महिलांसाठी स्वतःच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या. तिच्याकडे पैसा होता, दूरचित्रवाणीचे करार होते. वर्षभरातच एआयएडब्ल्यूचा कारभार गुंडाळला गेला. एका पिढीने कष्टाने उभी केलेली संघटना अशी संपली, याची खंत तेव्हाच्या अनेक स्त्री-प्रशिक्षकांना कायम राहिली. मैदानावर मात्र खेळाडूंना मोठे प्रेक्षागृह आणि मोठी स्पर्धा मिळाली, हेही खरे.

टेनेसीने एआयएडब्ल्यूच्या स्पर्धेत चार वेळा आणि एनसीएएच्या स्पर्धेत १९८२, १९८४ व १९८६ मध्ये शेवटच्या चार संघांत, म्हणजे ‘फायनल फोर’मध्ये, मजल मारली. सातही वेळा हात रिकामेच राहिले. दरम्यान १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे समिट यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या महिलांनी बास्केटबॉलमधील आपले पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. पण स्वतःच्या विद्यापीठाच्या बाबतीत ‘जवळ येऊन हरणाऱ्या प्रशिक्षक’ असा शिक्का बसू लागला होता. आठव्या खेपेला तो पुसला गेला. १९८७ मध्ये ऑस्टिन येथील अंतिम सामन्यात टेनेसीने लुइझियाना टेकचा ६७-४४ असा पराभव केला. तो निकाल प्रामुख्याने बचावाचा आणि रिबाउंडचा, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडण्याचा, होता. समिट यांच्या सगळ्या उत्तम संघांची ओळख पुढेही हीच राहिली.

त्याच वर्षी डिसेंबरात टेनेसी नदीकाठचे नवे प्रेक्षागृह, थॉम्प्सन-बोलिंग अरीना, खुले झाले. ९ डिसेंबर १९८७ रोजी तिथे टेक्सासविरुद्धचा सामना पाहायला २४,५६३ प्रेक्षक आले. महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलचा तो तेव्हाचा विक्रम होता. सामना टेक्सासने जिंकला, तरी ५३ प्रेक्षकांपासून इथवर यायला अवघी १३ वर्षे लागली होती.

दुसरे विजेतेपद १९८९ मध्ये ब्रिजेट गॉर्डनच्या खेळाच्या जोरावर ऑबर्नविरुद्ध मिळाले. १९९० मध्ये फायनल फोर नॉक्सव्हिललाच होणार होते, आणि घरच्या मैदानावर खेळण्याची संधी एका पावलावर असताना व्हर्जिनियाने जादा वेळेत टेनेसीला स्पर्धेबाहेर काढले. हा पराभव समिट यांना किती लागला होता ते त्याच वर्षी सप्टेंबरात दिसले. पेनसिल्व्हेनियात मिशेल मार्सिनियाक या शाळकरी खेळाडूच्या घरी तिला विद्यापीठात येण्याचे निमंत्रण द्यायला त्या गेल्या असताना त्यांना प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या. परतीच्या विमानात वैमानिकांनी वाटेत व्हर्जिनियात उतरण्याचे सुचवले, तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला. मुलाचा जन्म नॉक्सव्हिललाच झाला. १९९१च्या अंतिम सामन्यात गाठ पुन्हा व्हर्जिनियाशीच पडली, सामना पुन्हा जादा वेळेत गेला आणि टेनेसीने तो ७०-६७ असा जिंकला. मार्सिनियाक आधी नोत्र दामला गेली, पण वर्षभराने टेनेसीत आली, आणि १९९६च्या विजेत्या संघात फायनल फोरची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

१६ जानेवारी १९९५ रोजी कनेटिकट विद्यापीठाशी, म्हणजे यूकॉनशी, पहिला सामना झाला. हा सामना ऐन हंगामात घ्यायला समिट तयार झाल्या, ही त्यांची महिला बास्केटबॉलला मोठी देणगी आहे. जीनो ऑरिएमा यांच्या हाताखाली वर आलेल्या या नव्या प्रतिस्पर्ध्याने पहिला सामना ७७-६६ असा जिंकला, आणि त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यातही टेनेसीला ७०-६४ असे हरवले. पुढची १२ वर्षे या दोन संघांच्या लढतींनी महिला बास्केटबॉलला घराघरांत प्रेक्षक मिळवून दिला. या काळातील २२ सामन्यांपैकी १३ यूकॉनने जिंकले. अंतिम सामन्यांत तर टेनेसीला यूकॉनविरुद्ध एकदाही यश आले नाही. २००७ मध्ये टेनेसीने ही मालिका थांबवली. कारणे काहीही असोत, खेळाच्या दृष्टीने तो निर्णय नुकसानीचा ठरला. सामने पुन्हा सुरू व्हायला २०२० साल उजाडले.

१९९६, १९९७ आणि १९९८ ही सलग तीन विजेतेपदांची वर्षे या इतिहासाचा कळस. एनसीएएच्या महिला स्पर्धेत असे आधी कोणाला जमले नव्हते. तिन्ही संघांचा कणा शमीक होल्ड्सक्लॉ ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आजीच्या घरी वाढलेली खेळाडू होती. चार वर्षांत तिने केलेले ३,०२५ गुण हा विद्यापीठाचा विक्रम आहे. तिघांपैकी १९९७चा संघ सर्वांत दुबळा होता, आणि म्हणूनच त्याची कथा सर्वांत वाचनीय आहे. हंगामात तो दहा सामने हरला. केली जॉली ही पासिंगची सूत्रधार गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे अर्धा हंगाम बाहेर होती. जानेवारीत या संघाकडून कोणाला काही आशा नव्हती. मार्चमध्ये याच संघाने तोवर अजिंक्य असलेल्या यूकॉनला ९१-८१ असे नमवले आणि मग अंतिम सामन्यात ओल्ड डोमिनियनवर ६८-५९ असा विजय मिळवला. १९९८चा संघ याच्या अगदी उलट : ३९ सामने, ३९ विजय. होल्ड्सक्लॉच्या जोडीला तमिका कॅचिंग्ज आणि सेमीका रँडल या नवख्या आल्या होत्या. पूर्ण मैदानभर दाब टाकून प्रतिस्पर्ध्यांना श्वास घेऊ न देणारा इतका वेगवान खेळ महिला बास्केटबॉलने क्वचितच पाहिला होता.

कॅचिंग्जला जन्मापासून कमी ऐकू येत असे. शाळेत मुले चिडवतात म्हणून तिने आपली श्रवणयंत्रे फेकून दिली होती. महाविद्यालयात समिट यांच्या आग्रहाने ती तिने पुन्हा वापरायला सुरुवात केली. पुढे तिने चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. या संघाच्या प्रशिक्षणाबद्दल लिहिताना समिट यांच्या करारी नजरेचे, सरावात मुलींना थकवून टाकण्याचे किस्से रंगवून सांगितले जातात आणि ते खोटे नाहीत. सरावाला विद्यापीठातले मुलगे प्रतिस्पर्धी म्हणून उभे केले जात, वेग आणि ताकद यांत वरचढ असणाऱ्यांशी झुंजायची सवय मुलींना लागावी म्हणून. पण वर्गात पहिल्या तीन रांगांत बसण्याचा नियमही तितकाच कडक होता. महाविद्यालयीन खेळाची मुदत टेनेसीत पूर्ण करणारी प्रत्येक खेळाडू समिट यांच्या काळात पदवीधर झाली. आठ करंडकांइतकीच, किंबहुना त्यांहून काकणभर सरस, अशी ही कामगिरी मानली पाहिजे.

२२ मार्च २००५ रोजी समिट यांनी ८८०वा विजय मिळवून पुरुष संघांचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांना मागे टाकले, आणि नॉक्सव्हिलच्या मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. २००६ मध्ये त्यांचा वार्षिक मोबदला दहा लाख डॉलरच्या पुढे गेला. महिला बास्केटबॉलमध्ये असे प्रथमच घडत होते. पुरुष संघाचे प्रशिक्षकपद त्यांना दोनदा देऊ करण्यात आले होते, ते त्यांनी दोन्ही वेळा नाकारले.

शेवटची दोन विजेतेपदे कँडेस पार्करच्या नावाशी जोडलेली आहेत. १९ मार्च २००६ रोजी आर्मी संघाविरुद्ध तिने एनसीएए स्पर्धेत डंक केला, म्हणजे उडी घेऊन चेंडू थेट बास्केटमध्ये खाली दाबला. या स्पर्धेत असे करणारी ती पहिली महिला, आणि त्या सामन्यात तिने ते दोनदा केले. २००७च्या अंतिम सामन्यात रटगर्स ५९-४६ असे हरले. २००८ मध्ये टेक्सास ए अँड एमविरुद्ध खेळताना तिचा डावा खांदा निखळला, तरी ती मैदानात परतली. उपांत्य सामन्यात लुइझियाना स्टेटविरुद्ध शेवटचा सेकंद उरला असताना अॅलेक्सिस हॉर्नबकलने परत आलेला चेंडू आत टाकून ४७-४६ असा विजय खेचून आणला. अंतिम सामना स्टॅनफर्डविरुद्ध ६४-४८ असा तुलनेने सहज जिंकला गेला.

५ फेब्रुवारी २००९ रोजी समिट यांचा हजारावा विजय नोंदवला गेला, आणि त्याच हंगामात संघ पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत गारद झाला. ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या ५९व्या वर्षी, आपल्याला अल्झायमर झाल्याचे समिट यांनी स्वतः जाहीर केले. त्यांनी आणखी एक हंगाम काढला. सामन्यांची बरीचशी सूत्रे होली वॉर्लिक या जुन्या साहाय्यकांनी सांभाळली. स्मरणशक्तीवर ज्यांचा सारा व्यवसाय उभा होता, त्यांनी हा आजार लपवला नाही, आणि त्यामुळे अमेरिकेत या आजाराची चर्चा मोकळेपणाने होऊ लागली. १८ एप्रिल २०१२ रोजी त्यांनी पद सोडले. त्याच वर्षी त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. २८ जून २०१६ रोजी, ६४व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

२०१२ हे साल आणखी एका कारणाने दुवा तुटल्याचे साल ठरले. महिलांचा स्वतंत्र क्रीडा विभाग ३६ वर्षांनंतर पुरुषांच्या विभागात विलीन करण्यात आला. २०१४ मध्ये बास्केटबॉल वगळता इतर खेळांतील महिला संघांचे ‘लेडी व्हॉल्स’ हे नाव काढून टाकण्याचा निर्णय जाहीर झाला. माजी खेळाडू आणि चाहते यांनी त्याविरुद्ध नेटाने मोहीम चालवली, आणि २०१७ मध्ये नाव परत मिळाले. विभाग मात्र परत मिळाला नाही.

समिट यांच्यानंतर वॉर्लिक यांनी सात हंगाम संघ सांभाळला. टेनेसीत बास्केटबॉल आणि अॅथलेटिक्स गाजवणाऱ्या वॉर्लिक यांची जर्सी विद्यापीठाने कायमची निवृत्त केली होती, आणि हा मान त्या विद्यापीठात मिळवणाऱ्या त्या पहिल्या खेळाडू होत. २०१९ मध्ये केली जॉली हार्पर, म्हणजे १९९७च्या संघातील तीच सूत्रधार, प्रशिक्षक झाल्या. विजेतेपद दोघींनाही मिळवता आले नाही. त्यात त्यांची कुवत कमी पडली असे म्हणणे बरोबर नाही. १९८०च्या दशकात महिला बास्केटबॉलवर मनापासून खर्च करणारी विद्यापीठे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आता ती डझनांनी आहेत, खेळाडू सहज विद्यापीठ बदलू शकतात, आणि टेनेसीला पूर्वी मिळालेली आघाडी कोणालाच टिकवता आली नसती. २०२४ मध्ये किम कॉल्डवेल यांची नेमणूक झाली. टेनेसीशी आधी कोणताही संबंध नसलेल्या त्या समिट यांच्यानंतरच्या पहिल्याच प्रशिक्षक. १९८२ पासून २०२५ पर्यंत एनसीएएची महिला स्पर्धा ४३ वेळा झाली, आणि त्या प्रत्येक स्पर्धेत खेळलेला टेनेसी हा एकमेव संघ आहे.